पिंपातले विरजण आणि भुईमुगाच्या शेंगा

तुमच्यापैकी जे खेड्यात राहतात त्यांनी बांधावर, झाडाच्या सावलीत, गोणपाटाने झाकलेले एखादे पिंप पाहिले असेल. गोणपाट दूर केले की आंबूस वास येतो, वर फेस दिसतो आणि काठीने ढवळले की बुडबुडे फुटतात. हे आंबवलेले द्रवखत होय. महाराष्ट्रात त्याचा ‘जीवामृत’ हा प्रकार सर्वांत अधिक ओळखीचा आहे. अमरावती जिल्ह्यातील बेलोरा गावचे श्री. सुभाष पाळेकर यांनी त्याचा देशभर प्रसार केला. त्यांना 2016 साली पद्मश्री हा सन्मान मिळाला.

पिकांना आंबवलेले द्रव घालण्याची कल्पना मात्र जुनी आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीचा मानला जाणारा सुरपालाचा ‘वृक्षायुर्वेद’ हा संस्कृत ग्रंथ ‘कुणपजल’ नावाच्या अशाच एका खताची कृती देतो.

आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून आणावे लागते. तेलबियांचे उत्पादन वाढावे म्हणून 1986 साली सरकारने एक खास मोहीम हाती घेतली होती आणि आजही तसे प्रयत्न चालू आहेत. भुईमूग, सोयाबीन, तीळ, करडई, सूर्यफूल या पिकांचा उतारा थोड्या खर्चात वाढला तर शेतकऱ्याचा आणि देशाचा दोघांचाही लाभ आहे. तेव्हा पिंपातल्या या द्रवाने भुईमुगाच्या शेंगा खरोखर वाढतात का, आणि वाढत असतील तर कशाने, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. या लेखात आपण तो हिशेबाने आणि प्रयोगाने तपासू या.

पिंपात काय घडते?

एका एकरासाठी जीवामृत करण्याची नेहमीची कृती अशी आहे : 200 लिटर पाणी, 10 किलो ताजे शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. हे मिश्रण सावलीत ठेवून दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळतात आणि त्यानंतर आठवड्याच्या आत वापरतात.

यातला प्रत्येक पदार्थ आपापले काम करतो. शेणातून आणि मातीतून सूक्ष्मजीव येतात. गूळ हे त्यांचे तयार अन्न. त्यातली साखर त्यांना ताबडतोब वापरता येते. बेसनातून प्रथिने, म्हणजेच नत्र मिळते. गोमूत्रातील युरियाही नत्र पुरवतो. अशी मेजवानी मिळाल्यावर जीवाणू झपाट्याने वाढतात. एक जीवाणू दर अर्ध्या तासाला दुभंगून दोन होतो असे धरा. दहा तासांत वीस वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे दहा लाखांहून अधिक! अर्थात ही वाढ अशीच चालू राहत नाही. अन्न आणि प्राणवायू कमी पडू लागले की ती थांबते. म्हणूनच हे द्रव फार दिवस साठवीत नाहीत.

ढवळण्याचे कारणही यातच आहे. ढवळल्याने हवा पाण्यात मिसळते. हवा न मिळाल्यास प्राणवायूशिवाय जगणारे जीवाणू माजतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. सावली आणि गोणपाट कशासाठी? युरियापासून अमोनिया वायू तयार होतो. तो उडून गेला तर नत्रही त्याच्याबरोबर जाते. पिंप थंड आणि झाकलेले असले की ही गळती कमी होते. झाकण मात्र घट्ट लावायचे नाही, कारण आंबताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो.

इडलीचे पीठ आंबते, दुधाचे दही होते, तशीच ही क्रिया आहे. आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. आंबवण्याने पदार्थाचे रूप बदलते, परंतु नवे नत्र, नवे स्फुरद किंवा नवे पालाश त्यातून तयार होत नाही. स्फुरदाचे जेवढे अणू शेण, बेसन आणि माती यांच्यातून पिंपात गेले, तेवढेच तिसऱ्या दिवशी पिंपात असतात.

थोडा हिशेब करू

पिंपात नत्र किती आहे ते काढू. ताज्या शेणात पाणीच फार. त्यात नत्र सुमारे 0.4 टक्के धरू. 10 किलो शेणातून 40 ग्रॅम नत्र मिळाले. गोमूत्रात सुमारे 1 टक्का धरले तर 10 लिटरांतून 100 ग्रॅम. बेसनात प्रथिने सुमारे 20 टक्के असतात आणि प्रथिनांत नत्र सुमारे 16 टक्के. म्हणजे 2 किलो बेसनात 400 ग्रॅम प्रथिने आणि त्यांत 64 ग्रॅम नत्र. सर्वांची बेरीज सुमारे 200 ग्रॅम झाली.

महाराष्ट्रात भुईमुगासाठी हेक्टरी 25 किलो नत्र आणि 50 किलो स्फुरद देण्याची शिफारस केली जाते. एकराचा हिशेब केला तर 10 किलो नत्र आणि 20 किलो स्फुरद. जीवामृत महिन्यातून दोनदा, असे तीन महिने दिले तरी सहा पिंपांतून 1.2 किलो नत्र मिळते. शिफारशीच्या सुमारे आठव्या हिश्शाएवढे! स्फुरदाचा हिशेब तर याहून तोकडा आहे, कारण ताज्या शेणात स्फुरद नत्राहूनही कमी असते. नेहमीच्या अर्थाने हे खत पिकाचे पोट भरणारे नाही, एवढे यावरून स्पष्ट होते.

जीवामृताचे पुरस्कर्तेही हेच सांगतात. हे खत नसून विरजण आहे, जमिनीतील सूक्ष्मजीव जागे करून कामाला लावणारे आहे, असे त्यांचे म्हणणे. उपमा चांगली आहे, म्हणून तीच पुढे नेऊ. चमचाभर विरजणाने पातेलेभर दही होते, पण पातेल्यात दूध असले तरच. जमिनीतले ‘दूध’ कोणते? कुजलेला पालापाचोळा, शेणखत, पिकांची मुळे आणि मातीच्या कणांना चिकटून बसलेले स्फुरदासारखे क्षार. काही जीवाणू आम्ले सोडून असे घट्ट बसलेले स्फुरद विरघळवतात हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. काही जीवाणू मुळांची वाढ घडवणारी द्रव्येही तयार करतात. तेव्हा विरजणाची कल्पना अशक्य मुळीच नाही.

तरीही एक शंका उरते. एका एकरातील वरच्या 15 सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे 9 लाख किलो भरते. सुपीक मातीच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जीवाणू आधीच असतात. 200 लिटर द्रवात मातीइतकीच दाट वस्ती आहे असे धरले, तर आपण घातलेले जीवाणू मूळच्यांच्या साडेचार हजारांत एक एवढेच होतात. दुधाच्या पातेल्यात तापवलेले दूध असते, म्हणून विरजणाला मोकळे रान मिळते. जमीन ही मुळातच गजबजलेली वस्ती आहे. तेथे आलेल्या नव्या पाहुण्यांपैकी किती टिकतात, हे मातीवर, ओलाव्यावर आणि अन्नावर अवलंबून असते. म्हणूनच अशा द्रवखतांच्या प्रयोगांचे निष्कर्ष सर्व ठिकाणी सारखे आलेले नाहीत.

भुईमुगाला काय हवे?

आता पिकाकडे वळू. भुईमूग हे शेंगवर्गीय झाड आहे. त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या गाठींतील जीवाणू हवेतील नत्र झाडाला मिळवून देतात. हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी 1886 ते 1888 या काळात हे सिद्ध केले आणि 1888 सालीच हॉलंडच्या बायरिंक यांनी गाठींतील जीवाणू वेगळे काढले. पंचेचाळीस दिवसांचे झाड अलगद उपटून एखादी गाठ पात्याने कापून पाहा. आतून ती गुलाबी-लाल दिसली तर काम चालू आहे असे समजावे. म्हणजे नत्राच्या बाबतीत भुईमूग बराचसा स्वावलंबी असतो.

त्याची खरी अडचण वेगळीच आहे. फूल गळाल्यावर त्याच्या बुडातून एक देठासारखी आरी निघते, जमिनीत शिरते आणि तिच्या टोकाला शेंग धरते. मुळांनी शोषलेले कॅल्शियम पाण्याबरोबर वर पानांकडे जाते. तेथून ते खाली जमिनीतल्या शेंगेकडे फारसे परतत नाही. त्यामुळे शेंगेला आपले कॅल्शियम भोवतालच्या मातीतून टरफलावाटे स्वतःच शोषून घ्यावे लागते. ते कमी पडले की शेंगा पोचट राहतात. प्रथिने आणि तेल तयार होण्यासाठी गंधकही लागते. जिप्सममध्ये कॅल्शियम आणि गंधक दोन्ही असतात, म्हणून भुईमुगाला हेक्टरी 400 किलो जिप्सम, निम्मे पेरताना आणि निम्मे आऱ्या सुटताना देतात. एकराला हे 160 किलो झाले. ज्या मातीत कॅल्शियम कमी आहे तेथे पिंपातील 200 लिटर द्रव त्याची जागा घेऊ शकणार नाही, हे तुम्हीच आता सांगू शकाल.

येथे तेलबियांची एक गंमत सांगायला हवी. भुईमुगाच्या दाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते. हे तेल कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन या तीनच मूलद्रव्यांचे बनलेले असते आणि ती झाडाने हवेतून व पाण्यातून घेतलेली असतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक हे सारे पेंडीत राहते. घाण्यातून निघालेले तेल शहरात विकले म्हणून जमिनीचे नुकसान होत नाही. पेंड मात्र गावाबाहेर गेली तर तिच्याबरोबर जमिनीचे स्फुरदही जाते. पेंड आणि भुईमुगाचा पाला गोठ्यातल्या जनावरांना घातला आणि त्यांचे सारे शेण-मूत्र शेतात परत आले, तर हे चक्र बरेचसे पूर्ण होते. पिंपातले 10 किलो शेण हा या परतफेडीचा अगदी लहानसा हिस्सा आहे. उरलेले शेण गोवऱ्या थापून चुलीत गेले, तर विरजण आले पण दूध आटले, अशी गत होईल.

‘शेजाऱ्याचे पीक जोरात आले’ हा पुरावा का नाही?

एखादा शेतकरी म्हणतो, “मी जीवामृत दिले आणि शेंगा दुप्पट आल्या.” तो खोटे बोलत नसतो. परंतु त्याच वर्षी पाऊस चांगला झाला असेल, त्याने जमिनीवर पालापाचोळ्याचे आच्छादन घातले असेल, बियाणे बदलले असेल, तर श्रेय कोणाला द्यायचे? उलट बाजूही ध्यानात घ्या. जमिनीत पूर्वीच्या खतांचे स्फुरद साठलेले असते. खत बंद केल्यावर पहिली एक-दोन वर्षे पीक त्या साठ्यावर चांगले येऊ शकते आणि घट पुढे दिसते. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे गव्हावरील खतांचा एक प्रयोग 1843 सालापासून चालू आहे, तो याच कारणासाठी. जमिनीचा हिशेब एका हंगामात पुरा होत नाही.

याच रोथॅमस्टेडमध्ये सर रोनाल्ड फिशर यांनी शेतीप्रयोगांची शास्त्रशुद्ध पद्धत घडवली. तुलनेसाठी खत न दिलेला वाफा हवा, प्रत्येक उपचार अनेक वाफ्यांत पुन्हा पुन्हा करायला हवा आणि कोणत्या वाफ्याला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवायला हवे, ही अशा प्रयोगांची महत्त्वाची सूत्रे. आपल्या देशात ही पद्धत रुजवण्यात दोन मराठी शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे यांनी शेती-संशोधकांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रावरचा ग्रंथ 1954 साली निघाला आणि शेतकी महाविद्यालयांत तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला.

शाळेत करून पाहा

हा प्रयोग जूनमध्ये सुरू केला तर दिवाळीच्या सुट्टीच्या सुमारास पुरा होतो. 30 सेंटिमीटर व्यासाच्या, बुडाला भोक असलेल्या 24 कुंड्या किंवा डबे घ्या. एकाच ढिगातली माती चांगली कालवून सर्वांत सारखी भरा. प्रत्येकीत एकाच वाणाचे तीन दाणे पेरा आणि उगवल्यावर एकच जोमदार रोप ठेवा. सर्व कुंड्यांना सुमारे 3 ग्रॅम जिप्सम द्या, निम्मे पेरताना आणि निम्मे आऱ्या सुटताना. चिठ्ठ्या टाकून कुंड्यांचे सहा-सहाचे चार गट करा.

गट 1 : साधे पाणी.
गट 2 : तीन दिवस आंबवलेले जीवामृत.
गट 3 : तेच पदार्थ त्याच दिवशी कालवलेले, न आंबवलेले मिश्रण.
गट 4 : उकळून थंड केलेले जीवामृत.

जीवामृत लहान प्रमाणात करा : 10 लिटर पाणी, 500 ग्रॅम शेण, 500 मिलिलिटर गोमूत्र, 100 ग्रॅम गूळ, 100 ग्रॅम बेसन, थोडी माती. आता कुंडीला किती द्यायचे? एकरात सुमारे 4,000 चौरस मीटर. 200 लिटर त्यावर पसरले तर चौरस मीटरला 50 मिलिलिटर येते. कुंडीचे तोंड सुमारे 0.07 चौरस मीटर, म्हणून तिच्या वाट्याला साडेतीन मिलिलिटर! मगभर ओतले तर तुमचा प्रयोग शेतातल्या मात्रेचा राहणार नाही. एवढे द्रव अर्धा लिटर पाण्यात मिसळून पंधरा दिवसांनी एकदा द्या. गट 1 ला नुसते अर्धा लिटर पाणी.

कुंड्यांवर फक्त क्रमांक लिहा. कोणता क्रमांक कोणत्या गटाचा याची यादी एकाच विद्यार्थ्याकडे ठेवा आणि मोजमाप दुसऱ्यांनी करावे. म्हणजे मनातल्या आवडीनिवडीचा तराजूवर परिणाम होणार नाही. पंचेचाळिसाव्या दिवशी प्रत्येक गटातले एक झाड उपटून गाठी मोजा. काढणीनंतर उरलेल्या पाच-पाच झाडांच्या शेंगा, वजन स्थिर होईपर्यंत, उन्हात वाळवा. प्रत्येक झाडाच्या शेंगांचे वजन, भरलेल्या व पोचट शेंगांची संख्या आणि दाण्यांचे वजन यांची नोंद ठेवा.

शिक्षकांसाठी सूचना : शेणात रोगजंतू असू शकतात. मुलांनी हातमोजे घालावेत, हाताला जखम असल्यास हे काम करू नये आणि नंतर साबणाने हात धुवावेत. द्रव उकळण्याचे काम मोठ्यांनी, उघड्यावर करावे. कच्च्या खाण्याच्या भाज्यांवर हे द्रव शिंपडू नये.

निष्कर्ष कसा काढावा?

समजा, गट 1 च्या पाच झाडांच्या शेंगा 14, 18, 16, 15 आणि 17 ग्रॅम भरल्या. सरासरी 16. समजा, गट 2 च्या 15, 19, 17, 16 आणि 18 ग्रॅम भरल्या. सरासरी 17. ‘जीवामृताने उत्पन्न वाढले’ असे म्हणावे काय? नाही. एकाच गटातल्या झाडांत चार ग्रॅमांचा फरक असताना सरासरीतील एका ग्रॅमाच्या फरकाला फारसे महत्त्व देता येत नाही. गट 2 ची वजने 19 पासून 23 पर्यंत आली असती तर गोष्ट वेगळी होती.

गट 2 हा गट 1 पेक्षा स्पष्टपणे पुढे असेल, तर पुढचा प्रश्न विचारा. गट 3 ही तितकाच पुढे असेल तर आंबवण्याचा खटाटोप कशाला? गट 4 ही पुढे असेल तर श्रेय जिवंत सूक्ष्मजीवांना देण्यापूर्वी द्रवात विरघळलेल्या पदार्थांचा विचार करायला हवा. फक्त गट 2 पुढे असेल तर विरजणाच्या कल्पनेला बळकटी येईल. आणि चारही गट सारखेच निघाले तर तेही प्रामाणिकपणे लिहा. तुमच्या मातीत, या मात्रेने, एका हंगामात फरक आढळला नाही, हीसुद्धा माहितीच आहे. शेतकऱ्याचे गूळ-बेसनाचे पैसे आणि ढवळण्याची मेहनत कोठे खर्चावी हे ठरवायला ती उपयोगी पडते. प्रयोग संपल्यावर तक्ता शाळेच्या फळ्यावर लावा आणि गावातील शेतकऱ्यांना तो पाहायला बोलवा.

विचार करा

1. गट 4 चे द्रव उकळताना सूक्ष्मजीवांखेरीज आणखी काय कमी होईल? गोमूत्रातील युरियाचे काय होते ते आठवा.
2. हाच प्रयोग एकदा शेणखत भरपूर घातलेल्या मातीत आणि एकदा हलक्या मुरमाड मातीत केला, तर उत्तर सारखेच येईल का? ‘विरजण आणि दूध’ या उपमेने कारण सांगा.
3. तुमच्या गावात भुईमुगाची किंवा सोयाबीनची पेंड कोठे जाते? तिच्याबरोबर जाणारे स्फुरद शेतात परत येते का, याची चौकशी करा.
4. सूर्यफूल शेंगवर्गीय नाही. त्याच्यासाठी हा प्रयोग करताना नत्राचा हिशेब कसा बदलेल?